पूर्ण व अंतिम

बेबीनंदा धकाते, वय त्रेचाळीस,
राहणार पाचपावली, धंदा
इथं मी पेन थांबवलं.
घरकाम असं लिहितात सहसा.
ती म्हणाली, "लांब पोळी लिहा."

डाव्या मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू.
कमाल चौकात टेम्पोनं ई-रिक्षा उलटवली तेव्हा
तिच्या मांडीवर कणकेचं घमेलं होतं.
पंचनाम्यात घमेलं नाही.
चाकांच्या खुणा आहेत, अकरा फूट,
आणि "रस्त्यावर पांढरा पदार्थ सांडलेला".

मेडिकलच्या बोर्डानं तीस टक्के दिले.
बाररूमबाहेरच्या बाकावर मी तिला हिशोब समजावला:
पुरावा नाही, म्हणून उत्पन्न धरायचं आठ हजार,
गुणिले बारा, त्याचे तीस टक्के,
गुणिले चौदा, वय त्रेचाळीस म्हणून.
चार लाख तीन हजार दोनशे.
"चौदा कायचे?"
वर्षं, म्हटलं, साधारण.
"मंग सत्तावन्नाव्या वर्षी हात बरा होईन?"
मी फाइलची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"आन् तीस टक्के कोनचे?"
तिनं पदर खोचून हवेत दोन्ही हात धरले.
उजव्या तळव्यावरून डाव्या तळव्यावर,
मग मनगट, मग थेट कोपरापर्यंत
सैल कणीक आपल्याच वजनानं उतरत जाते,
तिला नुसती जागा द्यायची,
आणि पालथ्या मडक्यावर अशी सोडायची
की तिच्यातून खालचा काळा रंग दिसावा.
डावा हात अर्ध्यातच थांबला.
"सत्तर टक्के पोळी कोन खाते, साहेब?"

कायद्यात याला शब्द आहे, कार्यात्मक अपंगत्व.
ते शंभर टक्केही असू शकतं.
असू शकतं म्हणजे डॉक्टरची साक्ष, तारखा,
चार वर्षं, मग कंपनीचं अपील.
कंपनीचा वकील माझ्याच बॅचचा.
चहा त्यानं पाजला. म्हणाला, शनिवारी लोकअदालत आहे,
तीन चाळीसमध्ये मिटव, चेक महिन्याभरात.
मी म्हटलं, चार नव्वद.
दोघंही हसलो.
चार दहावर थांबलो तेव्हा चहा अजून गरम होता.
माझी फी किती, ते मी कुठं लिहीत नाही.

शनिवारी सिव्हिल लाइन्सला कोर्टात मांडव, पंखे,
प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींत अडकलेल्या.
ड्रायव्हर आला नव्हता, त्याची गरज नसते.
"चुकलं म्हननारा कोनी येत नाही का?"
तसा रकाना नाही, म्हटलं.
कागदावर होतं: पूर्ण व अंतिम,
यापुढे अर्जदाराची कोणतीही मागणी राहणार नाही.
तिनं ते दोनदा वाचून घेतलं.
"राहीन," म्हणाली, "पन तुमाले मांगनार नाही."
सही उजव्या हातानं केली.
डाव्यानं कागद दाबून धरता येईना,
तो मी धरला.

निम्मी रक्कम पाच वर्षं बँकेत, नियमाप्रमाणे.
दिवाळीनंतर पाचपावलीतून जाताना
फुटपाथवर पालथं मडकं दिसलं, खाली जाळ.
सोळा-सतराची एक भाची कणीक कोपरावर घेत होती
आणि बेबीनंदा मागं स्टुलावर बसून नुसती बोलत होती:
"थांब... थांब... आता सोड.
भेऊ नको वं, तिले माहीत हाय कुठं जाचं ते."
एका पोळीला भोक पडलं.
दुसरी एका कडेनं जाड.
मी दोन्ही घेतल्या, साठ रुपये झाले.

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, कार्बन सरकवला,
गुडघ्यानं दाबून लिहीत गेली,
नाव, तारीख, अंकी, अक्षरी.
पान फाडून माझ्या हातात दिलं.
"ठेवा साहेब. मागं पुरावा नव्हता ना आपल्यापाशी."

पावती क्रमांक दोनशे एकोणीस.
एका कोपऱ्यात कणकेचं बोट.